कशावरून?

गेल्या काही महिन्यांत तीन प्रकारची पुस्तके मी आलटून पालटून वाचली: इतिहासाची, कल्पनारम्य आणि 'विज्ञानालाही न उलगडलेले गूढ' अशी जाहिरात करून विकली जाणारी. त्यांत सगळ्यांत कमी खोटे बोलली ती कल्पनारम्य पुस्तके. अंगठीसाठी पेटलेली युद्धे, शब्दाने वारा थांबवणारे जादूगार, माणसासारखी बोलणारी झाडे हे सगळे त्यांत होते. पण 'हे खरेच घडले' असे त्यांतल्या एकाही लेखकाने म्हटले नाही. खोटेपणा आढळला तो इतिहास म्हणून छापलेल्या कल्पनेत आणि संशोधन म्हणून छापलेल्या अफवेत. हा माल नागपुरात धडाक्याने खपतो, आणि त्याला वाचक म्हणून आपणच जबाबदार आहोत. 'घडले' असे कुणी छापले की 'कशावरून?' असे विचारायचे असते, ही साधी सवय आपण घालवून बसलो आहोत.

ही सवय गेल्याची किंमत या शहराने मोजली आहे. १७ मार्च २०२५ रोजी महालात औरंगजेबाच्या कबरीविरुद्ध निदर्शने झाली, संध्याकाळी अफवा पसरली आणि रात्री महाल-हंसापुरीत दगड पडू लागले, गाड्या जळाल्या. संचारबंदी लागली. एक माणूस जिवानिशी गेला. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केले, त्यात 'छावा' चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धचा लोकांचा राग उफाळून आल्याचा उल्लेख होता. त्याच महिन्यात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन दुसऱ्याच्या शेतात उतरले आणि मोगलांच्या सोन्याच्या मोहरांसाठी खड्डे खणत बसले. बुऱ्हाणपूरच्या खजिन्याचा उल्लेख त्यांनी याच चित्रपटात ऐकला होता. संभाजी महाराजांच्या फौजांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटले हे खरे आहे. पण त्यावरून २०२५ मध्ये शेतात मोहरा सापडतील हे कशावरून ठरले? कुणी कुणाला विचारले नाही.

या चित्रपटाचा आधार शिवाजी सावंतांची १९७९ सालची कादंबरी. सावंतांनी तिला कादंबरी म्हटले, तिच्यावर कादंबरी असेच छापले, त्यांचा यात काडीचा दोष नाही. दोष त्या वाचकाचा, ज्याने आयुष्यात संभाजी महाराजांवर एवढे एकच पुस्तक वाचले आणि 'मला इतिहास ठाऊक आहे' म्हणून तो चौकात उभा राहिला. संभाजी महाराजांची बदनामी मराठी नाटकांनी आणि बखरींनी मनसोक्त केली होती. व्यसनी, बेजबाबदार राजपुत्र हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या रंगमंचावर टाळ्या घेत होते. ते पुसले वा. सी. बेंद्रे यांनी. अनेक दशके कागदपत्रे धुंडाळून त्यांनी १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र काढले. पुढे कमल गोखले यांनी 'शिवपुत्र संभाजी' लिहून त्याच वाटेवर भक्कम पाऊल टाकले. हेच ते बेंद्रे, ज्यांनी शिवाजी महाराज म्हणून घरोघर लागलेले चित्र दुसऱ्याच माणसाचे असल्याचे दाखवून १९३३ मध्ये महाराजांचे अस्सल चित्र लोकांपुढे आणले. संभाजी महाराजांना त्यांची अब्रू परत मिळवून दिली ती दप्तरातल्या धुळीने काळ्या झालेल्या बोटांनी. दगड उचलणाऱ्या हातांचा त्यात काही वाटा नाही. महालात त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्यांपैकी किती जणांना बेंद्रे हे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न मला छळतो.

आता महालाचेच बघा. हा भाग भोसल्यांचा. इथून त्यांनी, 'सेनासाहेब सुभा' हा किताब मिरवत, कटकपर्यंत अंमल चालवला. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात पहिल्या रघूजींची तलवार निघाली आणि महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपये मोजून मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत उतरली तेव्हा मिरवणूक निघाली, ढोल वाजले. तलवार आली याचा मला मनापासून आनंद आहे. पाते युरोपी घडणीचे, त्यावर सोन्याने देवनागरीत कोरलेले रघूजींचे नाव. अठराव्या शतकातला मराठा सरदार बाहेरचे पोलाद घेत होता आणि त्यावर आपली अक्षरे उमटवत होता, हे सांगणारा असा पुरावा क्वचितच हाती लागतो. पण ज्या गावाने तलवारीची छायाचित्रे मोबाइलवर फिरवली, त्या गावाने या. मा. काळे यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' उघडलेला नाही. १९३४ चा हा ग्रंथ. शहरातल्या एका वाचनालयात मी तो मागितला तेव्हा तो आतल्या कपाटातून, वरच्या फळीवरून काढून आणावा लागला. पाठीमागच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवली होती आणि तिच्यावर अलीकडचा एकही शिक्का नव्हता. पाने कडेला तपकिरी पडलेली, दुमडली की तुटणारी. त्याच वाचनालयाच्या दर्शनी कपाटात 'इतिहास' या पाटीखाली ताजमहाल हे मुळात देवालय होते असे सांगणारी पु. ना. ओक यांची पुस्तके ठेवलेली. त्यांची पाने मात्र हाताळून मऊ झाली होती. ओकांनी हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि न्यायालयाने २००० साली त्यांची याचिका फेटाळून लावली. दर्शनी फळीवर कोण बसणार हे वाचक ठरवतो, ग्रंथपाल नव्हे.

काळ्यांच्या आणि त्यांच्यासारख्या इतिहासकारांच्या पानांत काय आहे ते सांगतो, म्हणजे आपण काय वाचत नाही ते कळेल. १७४२ मध्ये रघूजींचे कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले. काटव्याजवळ त्यांनी मोठ्या थाटात दुर्गापूजा मांडली आणि ऐन पूजेच्या दिवसांत बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने छापा घालून त्यांना पळवून लावले. १७४४ मध्ये त्याच अलिवर्दीने तहाची बोलणी करायला म्हणून छावणीत बोलावून भास्करपंतांना आणि त्यांच्या सरदारांना दगा देऊन ठार केले. रघूजी मागे हटले नाहीत. १७५१ च्या तहाने ओरिसा हाती आला आणि बंगालची बारा लाखांची चौथ ठरली. हा पराक्रम आहे आणि मी त्याला पराक्रमच म्हणतो. पण याच वर्षांत बंगालच्या खेड्यांत काय झाले? गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्र पुराण' हे काव्य लिहून ठेवले आहे. त्यात गावे सोडून पळणारी माणसे आहेत, जाळलेली घरे आहेत, बायकांवरचे अत्याचार आहेत. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती मराठ्यांच्या धाकाने खंदक खणला, त्याला नावच मराठा खंदक पडले. बंगालची आई आजही बर्गी आले म्हणून मुलाला झोपवते. बर्गी म्हणजे मराठा स्वार, आणि ते आपल्या नागपूरचे होते. तलवारीचा अभिमान बाळगायचा तर हे सगळे वाचावे लागेल, कारण ती तलवार आणि ती पळापळ एकाच घराण्याच्या कहाणीत आहेत. गौरव तेवढा घ्यायचा आणि रडणे बंगाल्यांकडे ठेवायचे, ही भेकड वृत्ती आहे.

नागपूर आणि बंगालचे हे नाते माहीत नसलेल्या नागपूरकराला एक बंगाली गोष्ट मात्र हमखास ठाऊक असते: शारदेची. १९७४ मध्ये नागपूर विद्यापीठात शिकवणारी एक मराठी प्राध्यापिका, वय तिशीच्या पुढे, अचानक बंगालीत बोलू लागली. आपण शारदा, बांसबेडियाची, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीची, साप चावून गेलेली, असे ती सांगे. त्या अवस्थेत तिला मराठी कळेना, घरातली माणसे ओळखू येईनात. आधुनिक उपकरणे पाहून ती बावरायची, बंगाली सवाष्णीसारखी साडी नेसायची. कधी एखादा दिवस, कधी कितीतरी दिवस ही अवस्था टिके. व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन आणि त्यांच्या सहकारी सतवंत पसरिचा यांनी या प्रकरणाचा अभ्यास केला. स्टीव्हन्सनचे पुस्तक १९८४ मध्ये निघाले, वि. वि. अकोलकरांचा स्वतंत्र अहवाल १९९२ मध्ये.

मी गूढकथांच्या मराठी संकलनांतले शारदा प्रकरणही वाचले आणि मूळ अभ्यासही वाचला. दोन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मराठी संकलनांत पुनर्जन्म सिद्ध झालेला असतो, तोही पाच पानांत. स्टीव्हन्सन पुनर्जन्माच्या बाजूने झुकलेला संशोधक, तरीही आपल्या निष्कर्षाला अडचणीची ठरणारी माहिती त्याने दडवली नाही. या बाईंना पूर्वी बंगाली वाचनाचे थोडे धडे मिळाले होते, हे त्यानेच नोंदवले. बंगाली घराण्याची जी वंशावळ जुळली म्हणून सांगतात तिच्यात नावे फक्त पुरुषांची आहेत. शारदा नावाची बाई त्यात नाही. सारा थॉमसन यांच्यासारख्या भाषाशास्त्रज्ञाने या बंगालीच्या पुराव्यावर गंभीर आक्षेप घेतले. आपल्या संकलनकर्त्यांनी यातले एकही वाक्य घेतले नाही, कारण घेतले असते तर पाच पानांतले गूढ विकले गेले नसते.

आणि नागपुरात बंगाली ऐकू येणे म्हणजे काही चमत्कार होता का? बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी १८८७ ची. विद्यापीठाची स्थापना १९२३ ची, पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस. धंतोलीत पिढ्यान्‌पिढ्या बंगाली कुटुंबे राहतात. मामा वरेरकरांनी बंगाली कादंबरीकार शरदबाबूंच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि आपल्या आया-आज्या त्या रडत रडत वाचत होत्या. अशा गावातल्या एका शिकल्या-सवरलेल्या, संस्कृत जाणणाऱ्या, एकट्या बाईच्या मनात एक बंगाली सवाष्ण आकाराला आली, हा मानवी मनाचा थक्क करणारा प्रकार आहे. मी त्याला पुनर्जन्म म्हणणार नाही, ढोंगही म्हणणार नाही. ते एका माणसाचे दुःख होते. त्याचा अभ्यास जपून करायचा असतो. ते गावभर मिरवायचे नसते.

पण माझा खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. शारदेची गोष्ट सांगणाऱ्यांपैकी कुणी या बाईंच्या वडिलांविषयी बोलत नाही. गोपाळ मुकुंद तथा बाळाजी हुद्दार. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह, डॉ. हेडगेवारांचे निकटवर्ती. बालाघाटच्या राजकीय दरोड्याच्या प्रकरणात त्यांनी तुरुंग भोगला. पुढे पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून स्पेनच्या यादवी युद्धात फॅसिस्टांविरुद्ध लढायला आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले. जॉन स्मिथ हे नाव त्यांनी घेतले होते. १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठातल्या कैदखान्यात पडले. सुटून भारतात परतले आणि कम्युनिस्ट पक्षात गेले. सुभाषबाबूंच्या वतीने आपण हेडगेवारांना भेटायला गेलो होतो, ही हकीकत त्यांनी स्वतः १९७९ मध्ये 'इलस्ट्रेटेड वीकली'त लिहिली.

नागपुरातून निघालेला एक मराठी तरुण स्पेनच्या रणांगणावर जाऊन पोहोचतो. संघाच्या शाखेतून कम्युनिस्ट पक्षापर्यंतचा रस्ता एका आयुष्यात चालतो. याला पुरावा आहे, तारखा आहेत, माणसे आहेत, त्याचे स्वतःचे लिखाण आहे. एवढे नवल कुठल्या गूढकथेत आहे? तरीही नागपुरात गप्पांच्या फडात हुद्दार हे नाव निघाले की लोक मुलीच्या बंगालीबद्दल विचारतात. वडिलांच्या स्पेनबद्दल विचारत नाहीत. डाव्यांना हुद्दारांचा संघ नको, उजव्यांना त्यांचे स्पेन नको, आणि उरलेल्यांना फक्त भूत हवे. इतिहास पचायला जड जातो म्हणून माणूस अतर्क्याकडे पळतो, याचा इतका ढळढळीत दाखला मी दुसरा पाहिलेला नाही.

प्राचीन विमानांच्या पुस्तकांवर फार शाई घालवायची माझी इच्छा नाही. 'वैमानिक शास्त्र' म्हणून जो ग्रंथ भारद्वाज ऋषींच्या नावावर खपवतात, त्याची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष. अर्धे शतक उलटले. तरीही मुंबईत २०१५ च्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये या विमानांवर निबंध वाचला गेला, आणि मराठीत त्यावर नवनवी पुस्तके येतच आहेत. शिकलेली माणसे ती मुलांना वाढदिवसाला भेट देतात. मुलांच्या हाती असे काही देणे हा गुन्हा आहे असे मी मानतो.

आता कल्पनारम्य साहित्याकडे येतो, कारण मला त्याची बाजू घ्यायची आहे. 'मोठे झालात, आता परीकथा काय वाचता' असे म्हणणारे नेमके तेच लोक असतात जे परग्रहावरच्या माणसांनी वेरूळ कोरल्याचे पुस्तक गंभीर चेहऱ्याने वाचतात. टॉल्किनने आपल्या काल्पनिक जगासाठी भाषा घडवल्या, त्यांची व्याकरणे बेतली, वंशावळी आणि नकाशे केले. अर्सुला ले ग्विनच्या अर्थसीमध्ये जादूला कडक नियम आहेत आणि नियम मोडणाऱ्याला किंमत मोजावी लागते. ही शिस्त आपल्या अनेक 'ऐतिहासिक' म्हणवणाऱ्या लेखकांत नाही. मराठीत नाथमाधवांनी 'वीरधवल'मध्ये अद्भुताचा जो खेळ मांडला त्याला शंभरी उलटली. त्यानंतर या जातीच्या लेखनाला आपण मानाने वाढू दिले नाही. हल्ली जे येते त्यात पुराणातल्या देवांना तलवारी आणि चिलखते देऊन, प्रस्तावनेत 'यामागे दडलेले सत्य' अशी पुडी सोडलेली असते. कल्पनेला कल्पना म्हणवून घ्यायची लाज वाटू लागली की ती सडते.

आणि अद्भुत हवेच असेल तर ते विदर्भाच्या मातीत भरपूर आहे. हे शहर वसवणारा बख्त बुलंद शहा गोंड होता. नागपुरात मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून गेले. त्यांच्या कागदांत गोंडांचे लिंगोगीत सापडले आणि रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये छापले. त्यात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. त्यांची सुटका करण्यासाठी लिंगोला समुद्रावरच्या बिंदो पक्षिणीची पिल्ले आणायची असतात. ती पिल्ले गिळणारा एक प्रचंड नाग तिथे असतो. लिंगो त्याचे तुकडे करतो, पक्षीण आपणहून त्याला पंखांवर घेते. इतका मोठा कथापट आपल्या अंगणात आहे. गोंडी भाषा आणि परंपरेसाठी नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी आयुष्य वेचले, हेही या गावातल्या किती वाचकांना माहीत आहे? परदेशी ड्रॅगनचे मराठी अनुवाद वाचायला माझी ना नाही, मीही वाचतो. पण लिंगो ज्याला ठाऊक नाही त्याने स्वतःला अद्भुताचा रसिक म्हणवून घेऊ नये.

प्रकाशकांना एकच सांगणे आहे. मुखपृष्ठावर 'इतिहास' छापले तर शेवटी संदर्भसूची द्या, ती देता येत नसेल तर 'कादंबरी' छापा. 'गूढ' छापले तर त्या प्रकरणावर घेतलेले आक्षेपही त्याच पुस्तकात द्या. वाचक फसतो हे ठाऊक असताना ही दोन कामे न करणे म्हणजे पैशासाठी केलेली फसवणूक आहे, आणि मी तिला दुसरे नाव देणार नाही.

आणि वाचकहो, बर्डीवर किंवा पुस्तक प्रदर्शनात असे पुस्तक हाती आले तर मुखपृष्ठ पाहून पैसे काढू नका. आधी मागची पाने उघडा, संदर्भ शोधा, लेखकाला हे कशावरून कळले ते पाहा. आपापल्या वाचनालयात मागणीची वही असते. तिच्यात या आठवड्यात बेंद्रे, कमल गोखले, या. मा. काळे, गंगारामाचे 'महाराष्ट्र पुराण' आणि हिस्लॉपचे लिंगोगीत ही नावे लिहा, आणि बाळाजी हुद्दारांवर काय काय उपलब्ध आहे तेही विचारा. ग्रंथपाल 'कुणी मागत नाही' म्हणाला, तर वहीत खाली सही करून 'मी मागतो आहे' असे लिहून या.